तुई भात खात नाही

"स्वानंदे, तुझा तो काळा पक्षी कधी यायचा?" आजोबांनी पुन्हा विचारलं.

माउंट रॉस्किलच्या आमच्या घरामागे, कुंपणावर कागदी प्लेट ठेवली होती. तिच्यात भात, वडा, खीर. आज आजीची पितृपक्षातली तिथी. घासाला कावळा शिवल्याशिवाय आजोबा जेवणार नव्हते आणि आमच्या ऑकलंडमध्ये कावळेच नाहीत.

आता तुईचं सांगते. शाळेतल्या भाषणासाठी मी तुई आणि साळुंकीची तुलना केलीय आणि सराव रोज आजोबांसमोर. (मी जबरदस्त बोलते, हे मला यंदाच कळलं.) दोघं गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातले, पण कुळं वेगळी. तुई मध खाणाऱ्यांच्या कुळातला, फक्त न्यूझीलंडचा, रानात नाहीतर फुललेल्या झाडांवर राहणारा. सध्या तरी सुरक्षित. साळुंकी मूळची भारतातली, माणसांनी इथे आणलेली. रस्ता, छप्पर, तिला काहीही चालतं. धोका तिला नाही, तिचाच इतरांना. दुसऱ्यांची अंडी फोडते. म्हणून माझं शेवटचं वाक्य: तिला खायला घालू नका.

साताऱ्यात जन्मभर पाण्याचे मीटर वाचलेले आजोबा नियम पाळणारे. त्यांनी साळुंक्यांना पोळीचे तुकडे टाकणं, ते वाक्य ऐकलं त्याच दिवशी बंद केलं. आणि तुईबद्दलचं एवढंच लक्षात ठेवलं, की तो काळा असतो.

तुई होताच. शेजारच्या कोव्हाईच्या झाडावर, पिवळ्या फुलांत डोकं खुपसून बसलेला.

"आजोबा, तो भात नाही खाणार. त्याची जीभ ब्रशसारखी असते, मध चाटायला."

"मग तुझ्या आजीनं काय करायचं?"

आजोबांनी हात जोडले आणि आजीशीच बोलायला लागले. गोळ्या वेळेवर घेतो. गार हवेत स्वेटर घालत जाईन. सुनेच्या भाजीला नावं ठेवत नाही.

"काल ठेवलीत," मी म्हटलं.

"गप्प बस. ती ऐकेल."

तेवढ्यात एक साळुंकी कुंपणावर उतरली आणि ऐटीत चालत प्लेटीकडे निघाली. आजोबांनी तिला हाकलायला हात उगारला. मी तो धरला.

"येऊ द्या तिला."

"अगं, पण तुझं भाषण?"

"ते उद्या आहे."

साळुंकीनं वडा चोचीनं बाजूला सारला, भाताचा घास उचलला आणि छपरावर जाऊन बसली. आजोबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आपल्याकडचीच ना ही?"

"हो, तिकडचीच."

आत आईनं पानं वाढली होती. वड्यांच्या तळणीनं स्वयंपाकघर तापलं होतं. आजोबांनी आधी खोलीत जाऊन स्वेटर घातला, मग पानावर बसले.