नाताळात पानं गाळणारा सायप्रस

मित्रांनो, मी एक सायप्रसचा वृक्ष आहे आणि माझं लहानपण गोंधळातच गेलं आहे. आमची जात दलदलीत वाढणारी. पाय चिखलात असले की आम्ही खूश. आणि मी रुजलो कुठे, तर शारजाच्या नर्सरीत, जिथे चार थेंब पडले तरी लोक खिडकीत येतात!

१९९७च्या सुरुवातीला वसईच्या कॅस्मिर यांनी मला शारजातल्याच रोल्ला भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. माझी पानं त्यांना गावच्या किनाऱ्यावरच्या सुरूसारखी वाटली. गावी नाताळात सुरूची फांदी सजवत; इथे लेक शेनॉनसाठी जिवंत झाड हवं होतं. त्यांच्या पत्नी ॲडेलिनबाईंनीही मला सुरूच समजून कुंडीत वाळू भरली.

"जास्त पाणी घालू नकोस हं, मुळं कुजतील," त्या शेनॉनला बजावत.

रोज माझी धूळ पुसणाऱ्या ॲडेलिनबाई मला तहानलेलं का ठेवतात, हे काही केल्या उमजेना.

डिसेंबर आला आणि माझी पानं तांबूस होऊन गळू लागली. थंडीत आमच्यात पानं गळतातच, पण सांगणार कसं? शेनॉनने लावलेल्या चांदण्या पानांसकट खाली आल्या.

"मम्मा, इट्स डेड," ती रडवेली झाली.

"खलास. खाली ठेवून येतो, कचऱ्याची गाडी नेईल," कॅस्मिर म्हणाले.

मी शरमून गेलो. माझं नेमकं काय चुकलं होतं?

खाली वॉचमन इद्रीसने नखाने माझी साल खरवडली. "साब, अंदर हरा है."

"तो तुम रख लो," म्हणून कॅस्मिर वर गेले.

इद्रीसने मला तळमजल्यावरच्या दुकानाच्या एसीच्या पाइपाखाली ठेवलं. थेंब थेंब पाण्याने कुंडीत चिखल झाला. मी मनसोक्त प्यालो.

मार्चमध्ये बाजारातून येताना ॲडेलिनबाई थबकल्या. माझ्या अंगभर कोवळी पानं होती.

"इद्रीसभाई, इतना पानी?"

"इसको पानी ही चाहिए, मॅडम."

त्यांनी चिखलात बोट बुडवलं. "मी तुला वर्षभर तहानलेलं ठेवलं रे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता २००३ उजाडलंय. त्याच पाइपाखाली कुंडी फोडून जमिनीत मुळं रोवून मी दुमजली उंच झालोय. मित्रांनो, झाड घरी आणाल तेव्हा ते कोणतं आहे, एवढं आधी विचारा. ॲडेलिनबाईंनी पहिल्या वर्षी मला खूप जीव लावला, पण तो सगळा वसईच्या सुरूच्या वाट्याचा होता.