फितीवरची कोरी जागा

मी एक जुना—

थांबा. फीत अडकली.

मी एक जुना—

हं, आता फिरली. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन मोठ्या चकत्यांचा, पेटीएवढा, उचलताना हात भरून येईल असा. तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल, असं वाटत नाही. पुण्यातल्या भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेच्या अडगळीच्या खोलीत मी पडून आहे. माझ्या डोक्यावर पंख्याचं मोडकं पातं ठेवलं आहे. बोलता बोलता मी मध्येच थांबलो तर रागावू नका. माझा रबरी पट्टा सैल झाला आहे.

माझा जन्म जर्मनीतला. बोटीने मुंबईला आलो आणि मालमोटारीतून पुण्याला. मला स्वतःची अशी भाषा नाही. समोरचा जी बोलेल, ती माझी. सकाळी एक शास्त्रीबुवा माझ्यासमोर बसून वेदातल्या ऋचा म्हणत. दुपारी जर्मनचा वर्ग भरे, तेव्हा मी त्या सगळ्यांचा गुरुजी. संध्याकाळी मदुराईहून आलेली एक विद्यार्थिनी मला तमिळ अंगाईगीत ऐकवी आणि स्वतःच रडे. दसऱ्याला माझ्या चकत्यांवर झेंडूची माळ चढे. पाहुणे आले की दाबके सर आधी मला दाखवत, मग ग्रंथालय.

अनंत दाबके सर आमच्या संस्थेचे प्रमुख. फळ्यावर ते भाषांचं झाड काढत. एका फांदीवर संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी. "या सगळ्या बहिणी. आई एकच, पण तिला कुणी पाहिलेलं नाही," ते सांगत. शेजारी दुसरं झाड, त्यावर तमिळ, कन्नड, तेलुगू. मग खडू झाडापासून लांब नेऊन ते एकच टिंब काढत. "ही सुमेरियन. हिला ना आई, ना बहीण. बोलणारा शेवटचा माणूस जाऊन हजारो वर्षं झाली. पण त्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं, म्हणून नाव तरी उरलं."

मी कोपऱ्यातून ऐकत असे. माझ्याकडे तर मातीच्या पाटीपेक्षा चांगली फीत होती! माझ्यासमोर कुठली भाषा मरूच शकत नाही, असं मला वाटे. मला गर्व होता, मित्रांनो.

थांबा. पट्टा सरकला.

हं.

श्यामलाताई सरांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. एकदा त्या शनिवार पेठेत रझियाकडे ब्लाऊज शिवायला टाकायला गेल्या. रझिया मशीनवर बसली होती आणि अंगणात तिची आई, मदिनाबी, कोंबडीशी काहीतरी बोलत होती. श्यामलाताईंचे कान टवकारले. ते मराठी नव्हतं. उर्दू, कानडी, तेलुगूही नव्हतं.

"रझिया, तुझी आई कुठली भाषा बोलते गं?"

"अम्मीच्या माहेरची आहे ती. आता कुणालाच येत नाही. ती आणि तिची बहीण, चांदखाला, बोलायच्या. खाला गेली, तेव्हापासून कोंबडीशी बोलते."

"आणि कोंबडी उत्तर देते?"

"अंडं देते. उत्तराचं काय घेऊन बसलात!"

दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून मला शनिवार पेठेत नेलं. मदिनाबी ठेंगणी होती, तोंडात पान, आणि बोलणं असं की समोरच्याची विकेटच काढावी. तिने मला चहूकडून न्याहाळलं.

"ही पेटी काय खाते?"

"वीज खाते, आजी. तुम्ही बोला, ती लक्षात ठेवते."

"माझ्या जावयापेक्षा बरी."

तिचे पूर्वज उंटांवरून निरोप पोचवायचे. कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि पुण्यातच राहिले. कुठून आले, असं श्यामलाताईंनी विचारलं, तर म्हणाली, "उंट जिथून आले तिथून. त्यांना विचारा."

मग रोज शब्द. पाणी, हात, राख, कावळा. दाबके सर फीत ऐकत आणि फळ्यासमोर येरझारा घालत. पाण्याचा शब्द एका झाडावर बसे, हाताचा दुसऱ्यावर. राखेचा कुठेच बसेना.

"श्यामला, आता वाक्यं आणा," सर म्हणाले. "शब्द काय, वाटेत कुणाकडूनही उचलता येतात. वाक्य घरचं असतं. दोन माणसांचं बोलणं आणा, म्हणजे कळेल ही कुणाची लेक."

पण मदिनाबी बोलेना.

"कुणाशी बोलू? या पेटीशी?"

तिच्या माहेरी एक रीत होती. घरी परतणारा उंबऱ्याबाहेर थांबे. आतलं माणूस विचारी, "ओरा मिनू?" म्हणजे, दारात कोण, आपलंच ना? बाहेरच्याने उत्तर द्यायचं, मगच पाऊल आत. पोर असो की पाहुणा, उत्तर दिल्याशिवाय कुणी आत येत नसे. सगळं बोलणं तिथून सुरू होई.

"आणि उत्तर काय द्यायचं?" श्यामलाताईंनी पेन उघडलं.

"ते असं सुटं म्हणत नाहीत. विचारल्यावर म्हणतात."

"मग मी विचारते. ओरा मिनू?"

मदिनाबी पदराआड हसली. "अगं, तू विचारलंस तर वाटतं पोस्टमन विचारतोय. घरच्यानं विचारावं लागतं."

श्यामलाताईंनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "बरं, उत्तर नको. चांदखाला कशी विचारायची, तेवढं करून दाखवा."

माझं लाल बटण दाबलं गेलं. मदिनाबीने डोळे मिटले आणि बहिणीसारखी मान तिरकी करून म्हणाली, "ओरा मिनू?" मग सवयीने थांबली. फीत फिरत राहिली.

नीट उतरलं का, हे पाहायला श्यामलाताईंनी फीत मागे घेतली आणि मला बोलतं केलं.

मित्रांनो, आपलाच आवाज पहिल्यांदा पेटीतून ऐकला की माणसाला तो परका वाटतो. मदिनाबीने तर तोवर एकदाही ऐकला नव्हता. शब्द घेतले की मला संस्थेत परत नेत, आणि फीत सर ऐकत.

माझ्यातून आवाज आला. मदिनाबी ताडकन उठली.

"चांद! ही चांद बोलली!"

ती धावत दाराकडे गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. श्यामलाताईंनी मुकाट्याने फीत पुन्हा मागे घेतली. मी पुन्हा विचारलं. आणि मदिनाबीने उत्तर दिलं. मग पाऊल आत टाकलं.

आता तुम्ही विचाराल, ते उत्तर काय होतं?

थांबा.

सांगतो.

मी एका वेळी एकच काम करतो. ऐकतो, नाहीतर बोलतो. बोलत असताना मला ऐकू येत नाही. माझ्या हिरव्या डोळ्याला, म्हणजे आवाज मोजणाऱ्या दिव्याला, तिचे ओठ हललेले दिसले, एवढंच. श्यामलाताईंनी ऐकलं, पण त्यांचं पेन उघडंच राहिलं. त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या होत्या.

त्यानंतर मदिनाबीला नादच लागला. आधी मला प्रश्न सांगायची, बहिणीच्या ढंगात. प्रश्नानंतर उत्तरापुरती जागा सोडायची. मग दुसरा प्रश्न, पुन्हा जागा. नंतर मला बोलायला लावून त्या जागांत उत्तरं द्यायची, हसायची, भांडायची. एकदा तर रुसून पाठ फिरवून बसली. रझिया मशीन थांबवून बघत राही. "अम्मी इतकी बोलते, हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

श्यामलाताई सरांकडे धावल्या. "सर, दुसरं यंत्र द्या. एक बोलेल, दुसरं ऐकेल. मग दोन्ही बाजू मिळतील."

"दुसरं यंत्र जर्मनच्या वर्गात आहे," सर म्हणाले. "परीक्षा तोंडावर आली आहे. ती होऊ दे, मग न्या. म्हातारी काय लंडनला चालली आहे?"

सर वाईट नव्हते. हजारो वर्षांचा हिशेब करणाऱ्या माणसाला एक महिना म्हणजे काहीच वाटला नाही.

परीक्षेच्या गडबडीत आमच्या फेऱ्याही थांबल्या होत्या. ती संपली. रिक्षात आम्ही दोघे होतो, मी आणि माझा भाऊ. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. रझिया दारात उभी होती, काखेत कोंबडी धरून.

"मंगळवारी गेली अम्मी," ती म्हणाली. "शेवटी तुमच्या पेटीबद्दल विचारत होती. चांद कधी येणार, म्हणून."

(इथे फीत कोरी आहे.)

सरांनी फळ्यावर दोन्ही झाडांपासून लांब आणखी एक टिंब काढलं. त्याखाली नाव लिहायला खडू टेकवला आणि तसाच उचलला. त्या बोलीला नाव काय, हे मदिनाबीला कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी शिपायाने फळा पुसला.

पुढचं माझं आयुष्य तुम्हाला सांगण्यासारखं नाही. लहान कॅसेटी आल्या, त्यांचे खिशाएवढे रेकॉर्डर आले. झेंडूची माळ आधी लहान झाली, मग बंद झाली. सर गेले. श्यामलाताई निवृत्त झाल्या. जाताना मदिनाबीची फीत त्यांनी बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्याशेजारी ठेवली आणि माझ्यावरून एकदा हात फिरवला.

परवा अडगळीची खोली उघडली. संस्था जागा रिकामी करते आहे. श्यामलाताई काठी टेकत आल्या. मागे एक म्हातारी बाई होती. हिरव्या डोळ्याला आता अंधुक दिसतं, पण उभं राहण्याच्या ढंगावरून ओळखलं. रझिया! बरोबर तिची नात परवीन, हातात मोबाइल.

"नानी, मी सगळं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते. मामू लोकांना पण ऐकू दे," परवीन म्हणाली.

"आधी ऐक तरी," रझिया म्हणाली.

आत सामानामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. परवीन कशीबशी शिरली. रझिया उंबऱ्यातच थांबली. श्यामलाताईंनी फीत चढवली. पट्टा ओढेना, म्हणून त्या चकती बोटाने फिरवत राहिल्या. मी घरघरलो. आणि मग माझ्यातून आवाज आला, थोडा जाड, थोडा हळू, पण तोच.

"ओरा मिनू?"

मग कोरी जागा. श्यामलाताईंनी चकती थांबवली.

रझियाने चौकट घट्ट धरली.

"मी शाळेतून आले की रोज विचारायची," ती म्हणाली. "रोज! आणि मी म्हणायचे, अम्मी, नीट बोल ना, शेजारचे हसतात. दप्तर फेकून सरळ आत."

"रझिया," श्यामलाताईंनी हळूच विचारलं, "उत्तर काय असतं गं? मी एकदा ऐकलं होतं. मला आठवत नाही."

"मला काय माहीत, ताई? मी कधी दिलंच नाही."

फीत पुढे सरकली. दुसरा प्रश्न, पुन्हा जागा. तिसरा. परवीनने मोबाइल खाली केला. रझिया शेवटपर्यंत आत आली नाही.

मित्रांनो, उद्या मला भंगारात नेतील. फीत परवीनने घरी नेली आहे. प्रश्न तिच्या मोबाइलमध्ये आता नीट राहतील, माझ्यापेक्षाही स्वच्छ. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. घरी कुणी तुम्हाला त्यांच्या बोलीत काही विचारलं, तर त्याच बोलीत उत्तर द्या. चुकत द्या, मोडकंतोडकं द्या, शेजारी हसले तरी द्या. प्रश्न मीसुद्धा सांभाळला. उत्तर देणारं घरचंच लागतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

फीत तर गेली. पण इतके दिवस ती माझ्या अंगावर फिरली आहे. तिच्यातला एवढाच भाग मला तोंडपाठ आहे. ऐका.

ओरा मिनू?