चमचाभर रक्तात मी मरणार नाही

मला मारायला पोरं आली ती चपला काढून, दारात नीट ओळीने लावून आत आली. एकाच्या हाताच्या जागी झाडं कापायची करवत, दुसऱ्याची आतडी गुडघ्यापर्यंत लोंबतायत, तिसरा स्वतःचं मुंडकं काखेत धरून उभा. पण मोजे सगळ्यांचे स्वच्छ! माझ्या न्हाणीघरात चपला घालून कुणी येत नाही, मग तो मेलेला का असेना.

आमचं न्हाणीघर म्हणजे पैसे देऊन आख्ख्या गल्लीने आंघोळीला यायचं ठिकाण; सोमवारी ते बंद असतं, म्हणून सिनेमावाल्यांना दिलं होतं. सिनेमाचं नाव ‘करवतहात्या आणि भुतांची आंघोळ’. आदल्या दिवशी डायरेक्टर कुराशिगे मिठाईचे डबे घेऊन आख्ख्या गल्लीत फिरला. “उद्या आमच्यामुळे थोडी मुंडकी उडतील, तुम्हाला त्रास होईल, माफ करा,” म्हणत दारोदार कमरेत वाकला. लोकांनीही वाकून डबे घेतले. मुंडक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रेवड्या बऱ्या होत्या का, यावर मात्र संध्याकाळभर चर्चा.

सकाळी पहिल्यांदा मेली ती समोरची टोफूवाली कामेयो. मेली आणि तशीच लाल लाल माझ्याकडे मिरवत आली.

“अगं त्सुनेको, माझं डोकं छताला जाऊन आपटलं! आणि वरून डोळे मिचकावत होतं!”

“डोकं मानेवर असताना तरी त्याचा काय उपयोग होता तुला?” मी म्हटलं. पण आतून जळले हो. खोटं कशाला बोलू?

मग कुराशिगे माझ्याकडे आला. “आजी, तुम्ही भूत झालाय. दाराजवळच्या त्या उंच गल्ल्यावर बसायचं. आपला हिरो रेनतारो येईल, एक वार करेल, तुम्ही हळूच कलंडायचं.”

“रक्त किती?”

“चमचाभर.”

“कामेयोला बादलीभर, आणि मला चमचाभर?”

“एकच टाकी उरलीय आजी, ती रेनतारोच्या शेवटच्या मरणासाठी ठेवलीय. आणि कसं असतं, म्हातारं माणूस शांतपणे, कुणाला त्रास न देता गेलं की प्रेक्षकांना बरं वाटतं.”

ऐकलंत? आमच्याकडे म्हाताऱ्यांनी मरायचं ते असं. शेजाऱ्याला आवाज नको, मुलाला रजा नको, लादीला डाग नको. माझा नवरा तसाच गेला, झोपेत, तोही सुट्टीच्या दिवशी. सगळे म्हणाले, किती समजूतदार माणूस! मी तेव्हाच ठरवलं होतं, मी जाईन तेव्हा छत धुवावं लागलं पाहिजे.

तर माझ्या किमोनोच्या आतून, पाठीवरून मानेपर्यंत नळी आणली. नळीचं दुसरं टोक भिंतीमागे पाणी तापवायच्या भट्टीच्या खोलीत, त्याच उरलेल्या टाकीला. टाकीच्या चावीवर सिनेमावाल्यांचा पोऱ्या, योसाकू. शूटिंग चालू असताना ओरडायचं नाही, म्हणून भिंतीत एक भोक ठेवलेलं, आणि त्यातून योसाकूला फक्त रेनतारोचं डोकं दिसायचं. कुराशिगेने त्याला बजावलं, “वार करताना याचं डोकं खाली गेलं की चावी उघड. वर आलं की बंद.”

काय अक्कल! जिथे माणूस फोनवर बोलतानासुद्धा वाकतो, तिथे डोकं खाली गेल्याची खूण!

“ॲक्शन!”

रेनतारो करवत गरगरवत, डरकाळ्या फोडत आला. सकाळपासून निम्मी गल्ली कापली होती पठ्ठ्याने. पण माझ्यासमोर आला आणि तोंड उतरलं. म्हातारीवर हात उचलायचा म्हणजे काय!

“माफ करा हं आजी,” पुटपुटला आणि वाकला.

फस्स! माझ्या मानेतून पिचकारी उडाली ती थेट त्याच्या डोळ्यांत.

“अरेरे! चुकलो, चुकलो!” तो आणखी खाली वाकला. दुसरी पिचकारी घड्याळावर.

कॅमेऱ्यामागे कुराशिगे टॉवेल चावत बसलेला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बसल्या जागेवरून अदबीने वाकले.

“छे छे बाळा, चूक माझीच. माझी मानच मध्ये आली.”

एवढी म्हातारी बाई वाकल्यावर त्याला त्याहून खाली जाणं भाग होतं. त्याने लादीला कपाळ टेकलं. कारंजं छतावर!

“आई बरी आहे ना तुझी?”

“तुमच्या कृपेने!” वाकला. भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत लाल.

“नोकरी सोडून सिनेमात आलास, वडील रागावले असतील?”

“त्यांचीही माफी मागतो!” तर जिना, आरसे, वजनकाटा, सगळं न्हालं.

कुराशिगे “कट! कट!” करत धावला आणि घसरून गुडघ्यांवर आपटला. रेनतारोला वाटलं, डायरेक्टर आपले पाय धरतोय. तोही त्याच्यापुढे आडवा! रक्त दारातून रस्त्यावर. माझी घमेली तरंगत पार पोलीस चौकीपर्यंत गेली, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पोलीस आत डोकावून म्हणाला, “माफ करा, काही अडचण?” झालं! सगळे त्याच्यापुढे वाकले.

शेवटी टाकी गुरगुरली.

“आजी!” कुराशिगे रडकुंडीला आलेला. “रेनतारोचं मरण वापरून टाकलंत तुम्ही! आता तो कसा मरणार?”

“सर्दी होऊ दे त्याला.”

कॅमेरा चालूच होता. कुराशिगेने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते लाल छत पाहिलं, डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, “बरं. पण आता कलंडा तरी.”

मी उठले. ठिबकत ठिबकत गल्ल्यावरून खाली उतरले. दारात कामेयो आ वासून उभी होती, तिच्यासमोरून सावकाश गेले. आरशासमोर थांबून केस सारखे केले.

“आजी, मरा ना आता!”

“मरते रे. घाई तुला आहे, मला नाही.”