खिडकीतून दिसलेला गोणीवाला

"धाक दाखाडनाच शे ते राक्षसना दाखाड, गल्लीमधला माणूसना नको," शेजारच्या मंजुळाअक्का मला म्हणाल्या होत्या. गल्लीतल्या माणसाची भीती पोरीला घालू नको, हे त्यांचं सांगणं मी हसण्यावारी नेलं. तेव्हा आम्ही शिरपूरला होतो. माझी सहा वर्षांची दिपमाला घास तोंडात धरून बसायची आणि तिच्या वजनाचा आकडा माझ्या डोक्यातून जायचा नाही. मग खिडकीतून आमच्याच गल्लीत एकटे राहणारे भिकननाना जाताना दिसले की मी बोट दाखवायचे. जळालेला गाल, पाठीवर गोणी. "खा, नाहीतर गोणीवाला नेईल." घास पटकन खाली उतरायचा.

तिच्या तोंडून ती गोष्ट गल्लीभर झाली. भादव्यात एका दुपारी पोरांनी नानांना दगड मारले. एक कपाळाला लागला. गोणी तिथेच टाकून नाना घरात शिरले, ते दोन दिवस दार उघडेनात. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

तिसऱ्या संध्याकाळी गुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या मुली आमच्या अंगणात जमल्या होत्या. गाणी झाली, बंद डबा हलवून आतला खाऊ ओळखायची वेळ आली. दिपमाला डबा आणायला आत गेली आणि पलंगाखालून नानांचीच गोणी ओढत आली. गल्लीत पडलेली ती तिने उचलून आणली होती आणि अक्कांना नानांबद्दल विचारलं होतं, हे मला नंतर कळलं.

"मी गोणीवाला," ती म्हणाली.

"तू तर पोरगी," कुणीतरी खिदळलं.

"गोष्टीत आहे ना. ऐक. जिनिंगच्या कारखान्यातला कापूस पेटला, तेव्हा माझा गाल जळला. आता मी गल्लीत शिरलो की पोरं पळतात. खिडकीतली एक बाई माझ्याकडे बोट करते. मी खाली बघून चालतो." तिने गोणी हलवली. आत खडखडलं. "ओळखा, काय आहे?"

"हाडं," एकजण हळूच म्हणाली.

दिपमालाने गोणी उपडी केली. दाणे काढलेली मक्याची कणसं.

"शेळीसाठी. मला बघून ती धावत येते. पोरं खाणाऱ्याकडे शेळी धावत येईल का?"

खिडकीतली ती बाई मीच होते, तरी माझी मान ताठ झाली. ही माझी मुलगी. चार वर्षं मी त्याच खिडकीतून बघत होते; मला गोणी दिसली, तिला माणूस दिसला.

खाऊचा डबा घेऊन सगळ्या नानांच्या दाराशी गेल्या. मागे मी. दार उघडलं तेव्हा आधी शेळी बाहेर आली.

यंदा आम्ही जळगावला राहायला आलो. नानांकडे फोन नाही, आणि अक्का लेकीकडे गेल्यात. तुम्ही शिरपूरला गेलात, तर एकदा त्यांच्या दारात डोकावा. शेळी ओट्यावर नसेल तर नाना पुन्हा दार लावून बसलेत असं समजून कडी वाजवा. आणि मला कळवा.