वरचा नियम

खंडेनवमीला अंबरनाथच्या त्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत यायला मिळायचं. १९९८ साली स्टोअरमधल्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार पडला. स्टोअर सांभाळणारे कोंडाजी चिखलोलीहून बायकोला, कौसाबाईला, मुद्दाम घेऊन आले होते. या वयात नवरा कॉम्प्युटर शिकला, मालाचा साठा पडद्यावर काढतो, यावर तिचा काही केल्या विश्वास बसत नव्हता.

कोंडाजींनी ऐटीत बटणं दाबली. साठा येईना. पुन्हा दाबली, तरी येईना.

शेजारी हेमचंद्र उभा होता. कारखान्याचं नेटवर्क त्याच्याकडे. सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नव्या स्विचमध्ये आपण फिल्टर टाकलाय, आता ज्याचा संबंध नाही त्याचा कॉम्प्युटर माहिती साठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही, अशी फुशारकी त्याने सकाळीच मॅनेजर लेलेसाहेबांपुढे मारली होती. स्विच नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतो. या पठ्ठ्याने वर लिहिलं होतं, सगळं स्टोअर बंद. त्याखाली, कोंडाजींचा कॉम्प्युटर चालू. खालच्या ओळीपर्यंत स्विच जाणारच कशाला? चूक त्याला उभ्याउभ्याच कळली.

"काय झालं रे?" पूजा बघत फिरणाऱ्या लेलेसाहेबांनी तिथे येऊन विचारलं.

"यांनी काहीतरी भलतंच दाबलं असणार, सर."

बोलला आणि त्याचे कान तापले. साहेब मान डोलावून पुढे गेले. कोंडाजींनी हात मागे घेतले. बायकोकडे त्यांनी पाहिलंच नाही.

हेमचंद्र धावत वरच्या मजल्यावर स्विचपाशी गेला. वरचा नियम खाली, खालचा वर, काम संपलं. जिना उतरताना त्याला स्वतःची इतकी शरम वाटत होती, की चूक माझी होती हे सगळ्यांदेखत सांगायचं त्याने ठरवूनच टाकलं.

"कोंडाजी, आता दाबा. येईल."

"नको सायेब. परत माझ्या हातून काय बिघडायचं."

"अहो, ऐका तरी..."

तेवढ्यात कौसाबाई प्रसादाचा पेढा घेऊन पुढे झाली. "सायेब, म्हातारा मानूस हाय. चुकी झाली त्याच्या हातून. कामावरनं काढू नका त्याला."

सांगायची वेळ हीच होती. लेलेसाहेब दारातच उभे होते.

"नाही काढत, मावशी," हेमचंद्र म्हणाला.

मुलाच्या वयाच्या त्या माणसापुढे तिने हात जोडले, आणि त्याने ते जोडू दिले.