चाकांना उठलेलं पुरळ

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. लेकीच्या लग्नाच्या सकाळी मामांनी गाडीच्या क्रोमच्या चाकांवरचं फडकं सोडलं आणि किंचाळलेच. चाकांवर गंजाचे ठिपके!

"रोज धुऊन माझ्या बनियनमध्ये गुंडाळत होतो गं! आता लेकीला या गाडीतून कसं नेऊ?"

"ओलीच गुंडाळलीत ना? ओल्या लंगोटात पोराला ठेवलं तरी पुरळ उठतं," मामी म्हणाली.

मामांनी तारेची घासणी उचलली. मामीने ती हिसकावली. "ओरखडे काढून पुरतं वाटोळं करायचंय?"

तिने चॉकलेटचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने गंज घासला, चाकं कोरडी केली, वर मेण चोळलं. लेक त्याच गाडीतून मिरवत गेली.

पुढे लेक आजी झाली, गाडी भंगारात निघाली. मामा नव्वदी गाठून वारले. तोवर रोज आंघोळीनंतर मामी विचारायची, "नीट पुसलंत ना? नाहीतर गंजाल!"