पर्लच्या डोळ्यांवरची पट्टी

डॉक्टर नीरजाबाई रिटायर झाल्या, पण हुकूम सोडायची सवय काही रिटायर झाली नाही. जित्याची खोड! त्या खोडीपायीच तर टोरोंटोच्या एटोबिको भागात हे रामायण घडलं.

आयरिस मूळची त्रिनिदादची. हॉस्पिटलात वीस वर्षं नीरजाबाईंच्या हाताखाली मदतनीस होती. पण रविवारी एका बेसमेंटमधल्या स्पिरिच्युअल बाप्टिस्ट चर्चमध्ये तीच मदर आयरिस, सगळ्यांची गुरू. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांच्या लेकरांनी वाढवलेला हा पंथ. त्यांच्यात एक कडक व्रत असतं. मदरनं प्रार्थना म्हणत बांधलेली पट्टी डोळ्यांवर घ्यायची आणि सात दिवस बंद खोलीत जमिनीवर पडून राहायचं. तिथे जे दिसेल त्यावरून देवानं आपल्याला काय काम नेमलंय ते कळतं. पट्टी सोडायची ती फक्त मदरनं.

२००८च्या फेब्रुवारीत त्या चर्चमधली पर्ल व्रताला बसली. आधी दोनदा बसली होती, तेव्हा बिचारीला काहीच दिसलं नव्हतं. त्यात तिला डायबेटिस. आयरिसनं गळ घातली, "डॉक्टर, रोज शुगर बघून जाल?" बाहेरची बाई त्या खोलीत येणार म्हणून चर्चचे वडीलधारे कुरकुरले. आयरिस म्हणाली, "जबाबदारी माझी."

चौथ्या दिवशी सकाळी पर्ल घामानं डबडबलेली, बोलणं अडखळतंय, मीटरवर दोन पॉइंट आठ, म्हणजे शुगर फारच उतरलेली. आयरिस ज्यूस घेऊन तयारच होती. "आधी हा देऊ या डॉक्टर, पट्टी राहू दे." अहो, पर्ल स्वतः ग्लासाकडे हात करत होती! पण ऐकतील तर त्या नीरजाबाई कसल्या?

"तू मला शिकवू नकोस, आयरिस!" त्यांनी खसकन पट्टी ओढली आणि पर्लच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

शुगर ज्यूसनंच वर आली, पंधरा मिनिटांत. पर्लचं रडं मात्र थांबेना. "कुणीतरी माझा हात धरून नेत होतं हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नीरजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सभा भरली. व्रत मोडलं, मदरनं पद सोडावं, असं वडीलधाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. मग त्यांनी मागच्या बाकावरच्या नीरजाबाईंना उभं केलं. पट्टी काढणं भागच होतं का? तसं असेल तर मदरकडे दोष नाही.

खरं काय ते नीरजाबाईंना आणि आयरिसलाच ठाऊक. पर्ल तेव्हा अर्धवट शुद्धीत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "नसती काढली तर ती गेली असती."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आयरिस मदरच्या खुर्चीवरून उठली.

"डॉक्टर मला वाचवायला खोटं बोलल्या. ज्यूस माझ्या हातात होता. त्यांचा हात धरायला हवा होता, मी धरला नाही. वीस वर्षं त्यांचं ऐकत आले ना, त्या खोलीतही ऐकलं. आणि आता इथे त्यांना माझ्यासाठी खोटं बोलावं लागतंय, तर या खुर्चीत मी कशी बसू?"

ती खुर्ची सोडून निघाली आणि मागे येऊन नीरजाबाईंच्या शेजारी बसली.

"उद्या पर्लची शुगर बघायला याल ना, डॉक्टर?" तिनं हळूच विचारलं.

"तू सांगशील त्या वेळी येईन," नीरजाबाई म्हणाल्या.